उंदरांची लाकडी पेटी: दहा महिने वापरून झाल्यावर

बागेतल्या उंदरांसाठी आत सापळा बसवलेल्या या पेटीला गुण आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

चिपळूणला आमच्याकडे तारेचा पिंजरा होता. आई त्यात सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवायची. सकाळी बाबा तो पिंजरा सायकलच्या हँडलला लटकवून वाशिष्ठीच्या पलीकडे उंदीर सोडून यायचे, आणि आई म्हणायची, "तुमच्या आधी घरी पोचला असेल बघा." त्यामुळे न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या करोरी भागात घर घेतलं आणि शेजारच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात "तुमच्याकडे सापळा आहे ना?" असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, घरात उंदीर नाहीत हो. ते हसले. त्यांना बागेतले उंदीर म्हणायचे होते.

आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर झीलँडिया हे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. २२५ हेक्टरचं रान आणि त्याभोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण. १९९९ साली ते पूर्ण झालं. माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारं, आणि माथ्यावर बाहेरच्या बाजूला वळवलेला पत्रा, म्हणजे वर चढणारा पॉसम (मांजराएवढा, झाडावर राहणारा केसाळ प्राणी) तिथून घसरतो. पण पक्ष्यांना कुंपण थोडंच कळतं! २००२ पासून तिथे काका पोपट आणून सोडले, आता ते गावभर हिंडतात. (हो, नाव 'काका'च. आईला अजून हसू येतं.) आमच्या आलुबुखाराच्या झाडाची साल ओरबाडून त्यांनी जी दशा केली आहे, ती बघता आंब्यावरचे आपले हिरवे पोपट परवडले. तरी ते आले की आम्ही चहा घेऊन खिडकीत उभे राहतो.

इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मुळात नव्हता. पक्ष्यांना धोका असायचा तो आभाळातून, शिकारी पक्ष्यांचा. म्हणून संकट आलं की पळायचं नाही, गप्प थिजून बसायचं, ही इथल्या अनेक पक्ष्यांची सवय. वासावर शिकार करणाऱ्यापुढे ती काय कामाची? उंदीर माणसांबरोबर होड्यांतून, जहाजांतून आले. पॉसम १८३७ मध्ये ऑस्ट्रेलियातून मुद्दाम आणला, फरच्या धंद्यासाठी. ससे फार झाले म्हणून १८८० च्या दशकात स्टोट आणला, मुंगसासारखा लांबट, चपळ. तो सशांपेक्षा किवीच्या पिल्लांवर जास्त खूश झाला.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग मुंगूस सोडायचं." आई, तेही करून झालंय. १८७२ मध्ये उसातल्या उंदरांसाठी आपल्याकडची मुंगसं जमैकाला नेली, त्यांनी तिथले पक्षीही खाल्ले. जपानमध्ये अमामी बेटावर १९७९ मध्ये सापांसाठी सोडली. साप रात्री फिरणारा, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडायची कशी? मुंगसांनी तिथले दुर्मीळ ससे धरले. ती शेवटची मुंगसं संपली असं जाहीर करायला २०२४ उजाडलं.

तर पेटी. उंदीर, स्टोट आणि पॉसम २०५० पर्यंत देशातून हद्दपार करायचे, असं इथल्या सरकारने २०१६ मध्ये ठरवलं. त्यातलं बरंचसं काम गल्लीगल्लीतले हौशी लोक करतात. आमच्या गल्लीच्या गटाकडून वीस डॉलरला घेतली. हातभर लांब, प्लायवूडची, एका टोकाला लिंबाएवढं गोल भोक, दुसऱ्या टोकाला जाळी, आत स्प्रिंगचा साधा सापळा. पेटी कशाला, तर पक्ष्याची चोच, शेजारची मांजर आणि माझ्या मुलाची बोटं आत जाऊ नयेत म्हणून. शिवाय उंदराला भिंतीकडेने पळायला आणि अंधाऱ्या भोकात शिरायला आवडतं. बागेच्या मधोमध ठेवाल तर शोभेची वस्तू होईल. मी पहिले तीन आठवडे तेच केलं.

दुसरी चूक आमिषाची. पीनट बटर लावा म्हणाले, मी घरची शेंगदाण्याची चटणी लावली. लसूण असलेली. एकही फिरकला नाही. मग पीनट बटर आणलं, तर रोज सकाळी सापळा चाटूनपुसून स्वच्छ आणि तसाच उघडा. मला वाटलं स्प्रिंग बिघडली. एका रात्री टॉर्च घेऊन गेले तर बिनशंखाची जाडजूड गोगलगाय आरामात जेवत होती. सापळा उडायला लागतो तेवढा भार तिचा नाही. आजोबांनी उपाय सांगितला: पीनट बटर थोडंच घ्यायचं, पट्टीच्या खाचेत दाबून बसवायचं, आणि पहिले चार दिवस सापळा लावायचाच नाही, नुसतं खाऊ द्यायचं. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याची भीड मोडावी लागते.

पाचव्या रात्री पाऊस होता, दक्षिणेचा बोचरा वारा. सकाळी भोकातून शेपूट बाहेर. भांडी घासायचे हातमोजे घातले आणि झाकण उचललं. मान बरोबर पट्टीखाली, डोळे उघडे, मिशांवर पाण्याचे थेंब. खरं सांगते, पोटात कालवलं. नोंदीच्या ॲपमध्ये जात विचारतात, म्हणून शेपूट पाठीवरून पुढे ओढून बघितलं. नाकाच्याही पुढे गेलं, म्हणजे जहाजी उंदीर, झाडावर सरसर चढून घरटी लुटणारा. आखूड भरलं असतं तर नॉर्वे उंदीर. दहा महिन्यांत अकरा झाले, नऊ जहाजी, दोन नॉर्वे.

आता कापलेला गुण. सापळ्याच्या तारेला चौथ्या महिन्यात गंज चढला आणि तो अर्धवट मिटायला लागला. असा सापळा लावून ठेवणं म्हणजे नुसती क्रूरता. उंदीर झटक्यात मेला पाहिजे, नाहीतर या उद्योगाला अर्थ नाही. बदली सापळा एका ऑनलाइन दुकानातून मागवला, तो यायला अठरा दिवस लागले, आला तो चुकीच्या मापाचा. आणि झाकणाचा स्क्रू दर वेळी फिरवायचा म्हणजे थंडीत बोटांची परीक्षा. आजोबांकडे गुडनेचर या इथल्याच वेलिंग्टनच्या कंपनीचा ए-२४ सापळा आहे. गॅसच्या एका नळकांडीवर चोवीस वेळा आपोआप पुन्हा सज्ज होतो. ज्यांना रोज बघायला जमत नाही त्यांनी तो घ्यावा. महाग आहे, आणि खाली पडलेला उंदीर मांजर पळवते, त्यामुळे हिशेब लागत नाही. मला हिशेब आवडतो.

खरा पेच गणपतीत आला. नवऱ्याचं म्हणणं, घरात बाप्पा असताना बागेत त्याच्या वाहनाला मारायचं नाही, दीड दिवस सापळा बंद. मी म्हटलं, सप्टेंबर म्हणजे इथला वसंत, पक्षी याच दिवसांत घरटी बांधतात, सापळा हवा तो आत्ताच. वाद आरतीपर्यंत चालला. शेवटी दीड दिवस बंद ठेवला. विसर्जनाहून आल्यावर नवऱ्यानेच टॉर्च घेतला, बागेत गेला आणि पीनट बटर लावून आला. त्या कामाचा चमचा वेगळा आहे, दांड्याला लाल दोरा बांधलेला. तो कुणीही सिंकमध्ये टाकायचा नाही.