युरो २०२४ ची घरगुती एक्सेल शीट: साडेतीन स्टार, टाय झाला की अडीच

आमच्या अकाउंट्समधल्या एकाने युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या वेळी ऑफिस ग्रुपवर टाकलेली, मॅचेसच्या वेळा आणि ग्रुपमधले नंबर दाखवणारी शीट आहे, फुकट आहे, तरी रिव्ह्यू लिहितोय कारण सगळ्या ५१ मॅचेस मी हिच्यावरच काढल्या, स्कोअरची ॲप्स फोनमध्ये नुसती पडून होती.

सगळ्यात भारी म्हणजे टायमिंग. मॅचेस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, साडेनऊ आणि रात्री साडेबाराला, आणि साडेबाराला आपली तारीख बदललेली असते ना, म्हणजे जर्मनी-स्कॉटलंड तिकडे १४ जूनला पण इकडे १५ लागलेली. पठ्ठ्याने त्या ओळींना वेगळा रंग देऊन शेजारी "१४ ची रात्र" असं लिहून ठेवलंय. नेमकं कुठल्या रात्री जागायचं हा घोळच मिटला.

दुसरं, स्कोअर आपणच टाकायचा, त्यामुळे मनाचे स्कोअर टाकूनही बघता येतं. ग्रुप ई मध्ये शेवटच्या मॅचेसआधी रोमानिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया, युक्रेन चौघंही ३ पॉइंटवर. मी दोन्ही मॅच ड्रॉ टाकल्या तर सगळ्यांना ४-४ आणि युक्रेन तळाला! वाटलं फॉर्म्युला गंडला, पण नाही, पहिल्याच मॅचला रोमानियाकडून ३-० खाल्लेले ते भोवत होते. आणि झालं पण तसंच, १-१ आणि ०-०, युक्रेन घरी. ही मजा कुठल्या ॲपात आहे सांगा.

आता बोंब कुठे आहे ते. नंबर लावायला त्याने पॉइंट गुणिले १०००० अधिक गोलफरक गुणिले १०० अधिक केलेले गोल असा एकच आकडा काढून त्याला एक्सेलचा रँक फॉर्म्युला लावलाय. जुगाड मस्त आहे, पण ग्रुप सी मध्ये डेन्मार्क आणि स्लोव्हेनिया दोघांच्याही तिन्ही मॅच ड्रॉ, ३ पॉइंट, फरक ०, गोल २, म्हणजे दोघांचाही आकडा ३०००२. रँकने दोघांना २ नंबर दिला, ३ नंबर कुणालाच नाही, मग तिसऱ्या नंबरवाल्यांच्या (त्यांच्यातल्याही ४ टीम पुढे जातात) तक्त्यात व्हीलुकअपला, म्हणजे शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याला, ३ काही सापडेना आणि तिथून पुढे नॉकआउटभर नुसतं एन/ए एन/ए (सापडलं नाही). युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) नियमात पॉइंट सारखे असले की आधी आपसातला निकाल (तोही १-१ च होता म्हणा), मग एकूण गोलफरक आणि गोल, मग पिवळी-लाल कार्डं, मग क्वालिफायरचं (पात्रता फेरीचं) रँकिंग. शीटमध्ये कार्डांचा कॉलमच नाही, आणि आपसातला निकाल गोलफरकाच्या आधी धरायचा तेही नाही, २०२२ च्या वर्ल्ड कपचं गणित तसंच उचललंय. त्याने यावेळी कुठे फरक पडला नाही हे नशीब. डेन्मार्क जर्मनीशी, स्लोव्हेनिया पोर्तुगालशी, हे शेवटी हाताने टाकावं लागलं.

आणि परत तीच पोर्तुगाल-स्लोव्हेनिया! ०-०, पेनल्टीला जागाच नाही. पोर्तुगालचा गोलकीपर कोस्ताने तिन्ही अडवल्या तरी शीटमध्ये विजेता रिकामा. मग ग्रुपवर कुणीतरी १-० टाकून मोकळं झालं, म्हणजे गोलांची बेरीज बोंबलली ती बोंबललीच.

मोबाईलवर उघडू नका, डोळे जातील.

तिसऱ्या नंबरच्या ४ टीमनी कुणाशी खेळायचं याच्या १५ शक्यता त्याने हाताने टाइप केल्यात, पण २०२६ च्या वर्ल्ड कपला १२ ग्रुप, त्यातून तिसऱ्या नंबरच्या ८ टीम पुढे, म्हणजे ४९५ शक्यता. तेव्हा भावा, करणार असशील तर कार्डं आणि पेनल्टीचे कॉलम आधी टाक, तक्ता टायपायला मी येतो शनिवारी.