लसीऐवजी ‘इम्युनिटी’चं टॉनिक पाजलं, 17 कोंबड्या गेल्या

घणसोली गावात आमच्या मागच्या दारी 23 गावठी कोंबड्या होत्या. आता 6 उरल्यात. वर 7,850 रुपये गेले. सांगायला लाज वाटते, पण कोंबड्या पाळणाऱ्या बायका आजूबाजूला खूप आहेत, म्हणून लिहितेय.

व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली. प्रतिकारशक्ती वाढवणारं आयुर्वेदिक टॉनिक, मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, जवळ फिरकणार नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दर वाक्याला ‘ताई’, आणि पैसे आधी. बाटलीचे 1,450, मग पावडरीच्या ‘फुल कोर्स’चे 3,900.

मी काही अडाणी नाही. दर खेपेला पिल्लांच्या डोळ्यात लासोटाचे, म्हणजे मानमोडीच्या लसीचे, थेंब मीच टाकायचे. पण कुपी मिळते ती शंभर डोसांची. बर्फातून आणा, फोडली की दोन तासांत संपवा, उरलेली फेका. मी या धावपळीला कंटाळलेय हे टॉनिक विकणाऱ्याने बरोबर ओळखलं. म्हणाला, “ताई, आता लस देऊ नका, आमच्या औषधाचा गुण उतरतो.”

तिथेच फोन ठेवायला हवा होता. लस बंद करा म्हणणारा माणूस चोरच! आणि ती बाटली! स्टिकरचा कोपरा सुटला होता, तो मी अंगठ्याने दाबून परत चिकटवला. स्वतःच्या हाताने. नंतर सोलला तर खाली गाईम्हशींच्या कॅल्शियमचं लेबल, बॅच नंबर खरवडलेला. कॅल्शियमने अंड्याचं कवच धरतं, मानमोडी अडत नाही.

दीड महिन्यात हिरवी हगवण सुरू झाली, मग माना पिळवटायला लागल्या. मानमोडी विषाणूची, तिच्यावर औषध नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ‘इमर्जन्सी डोस’चे 2,500 पाठवले. समोर तुरेवाली पंख टाकून पडलेली, पाजलेलं पाणी चोचीतून परत येत होतं. तेव्हा कोणाचं डोकं चालतं? डोस आलाच नाही.

चौकीत गेले तर हवालदार म्हणाला, “कोंबड्यांची केस?” आणि शेजारच्याकडे बघून हसला. सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. तिथे कळलं की उशीर झाला, पैसे पुढे गेले. बँक म्हणते एफआयआर आणा, चौकी म्हणते एवढ्याशा रकमेवर एफआयआर होत नाही, अर्ज देऊन जा. अर्जावर शिक्का मारून घ्यायला तीन फेऱ्या! जनावरांच्या दवाखान्यात मेलेली कोंबडी नेली तर डॉक्टर रजेवर. औषधं तपासणाऱ्या ऑफिसात सांगितलं, हे पशुखाद्यात येतं, आमच्याकडे नाही. मग कोणाकडे येतं? माझ्या 23 कोंबड्या कोणाच्याच खात्यात बसत नाहीत?

पैसे गेल्याचं कळताच त्याच मिनिटाला 1930 लावा, मी चार दिवस घालवले. बाटली, खोका, मेसेज काही फेकू नका. मेलेले पक्षी खाडीत टाकू नका, खोल खड्डा करून चुना घालून पुरा. जीवनसत्त्वं द्यायची तर द्या, अशक्त पक्ष्याला बरी असतात, पण लस देऊन.

आणि कुपी मोठी पडते म्हणून थांबू नका. चार-पाच घरांनी मिळून एक आणा, एकाच सकाळी सगळ्यांच्या धडधाकट कोंबड्यांना लस देऊन घ्या. आमच्या सहा मात्र सध्या खुराड्यातच आहेत, कोणाच्या अंगणात सोडत नाही.