अंगणातलं डेकोरेटिव्ह कोटिंग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

गोव्यात फोंड्याजवळ आमच्या घरापुढे गाडी लावायची जागा आणि तुळशीचं अंगण मिळून काँक्रीटचा एकच स्लॅब आहे, जाडी 100 मिलिमीटर. गेल्या दिवाळीनंतर त्यावर डेकोरेटिव्ह कोटिंग करून घेतलं. सिमेंट-पॉलिमरचा पातळ थर, त्याला चिऱ्याचा तांबूस रंग आणि वरून अ‍ॅक्रिलिक सीलर, म्हणजे थराचं रक्षण करणारा वरचा हात. आता चवथही (गणेशचतुर्थी) होऊन गेली, म्हणून लिहितोय.

रंगाबद्दल तक्रार नाही. टायरच्या खुणा ब्रश मारला की जातात. मे महिन्यात आईने कोकमाची सोलं वाळत घातली तेव्हा रस सांडला, त्याचा पुसट डाग राहिलाय, पण उघड्या कोब्यावर तो याहून वाईट दिसला असता. दुपारचा चटका पूर्वीइतकाच बसतो. खर्च शहाबादीपेक्षा जास्त आला. खरी गोष्ट सांध्यांची आहे.

स्लॅब ओतला तेव्हाच गवंड्याने दुसऱ्या दिवशी साधारण तीन-तीन मीटरवर कटर मारून 25 मिलिमीटर खोल काप दिले होते. काँक्रीट सुकताना आकसतं आणि कुठेतरी तडकतंच. ते या कापातच तडकावं म्हणून ही सोय. घराच्या भिंतीलगत आणि वृंदावनाभोवती मात्र पूर्ण जाडीचा सांधा सोडून त्यात फिलर बोर्डाची, म्हणजे दबू शकणाऱ्या फळीची, पट्टी घातलेली होती. हा एक्स्पान्शन जॉइंट. स्लॅब उन्हाने फुगला तर वृंदावनाला रेटा बसू नये म्हणून.

कोटिंगवाल्याने गेटकडचे काप नीट ठेवले. वृंदावनापाशी मात्र आईला म्हणाला, "काकी, इथे सलगच करूया. फट दिसली की शोभा जाते. जाळी घालतो, काय होत नाही." पुटी भरली, फायबरची जाळी चिकटवली, वरून कोटिंग ओढलं. दिसायला सुरेख झालं, हे मान्य.

मार्चमध्ये बरोबर त्या सांध्यावर केसाएवढी रेघ उमटली, दोरी धरून मारल्यासारखी सरळ. मेअखेर तिच्या कडा उचलल्या. आता नख घातलं तर कोटिंगची खपली निघते, खाली पुटीचा चुरा आणि जाळीचे धागे दिसतात. मुंग्यांनी तिथून माती वर काढायला सुरुवात केली आहे.

याचं गणित सोपं आहे. दहा मीटर लांबीचं काँक्रीट तापमान 30 अंशांनी बदललं तर सुमारे 3 मिलिमीटर वाढतं किंवा आकसतं. एवढीशी ही हालचाल, पण ती सगळी सांध्यावरच येते. त्याच्यावर ताणून बसवलेल्या कडक थराला तेवढं पसरता येत नाही, जाळी असो नसो. जुन्या कोब्यात काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडायचे, ते काही नुसतं नक्षीसाठी नव्हतं.

गेटकडचे काप अजून शाबूत आहेत. तिथे तोंड थोडं रुंद करून आत फोमचा गोल रॉड दाबला आणि वर पॉलियुरेथेन सीलंट (फट बुजवायचा रबरासारखा लवचीक मसाला) भरलं, रुंदीच्या निम्म्या खोलीइतकं. रॉडमुळे सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही कडांना धरतं, म्हणून ते ताणलं जातं. अंगठ्याने दाबलं तर रबरासारखं परत वर येतं. भरल्या दिवशीच त्यावर धूळ बसली, त्यामुळे ती रेघ कायमची मळकट दिसते. त्याचं मला काही वाटत नाही.

दुसरी कुरकुर सीलरची. जुलैत पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात तो दुधाळ झाला. ओल आत अडकली की असं होतं. आता ऊन पडू लागल्यावर बराचसा निवळला. म्हणून कोटिंग करण्याआधी स्लॅबमध्ये ओल आहे का ते बघायला 45 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून निदान 16 तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट दिसलं तर थांबा. कुणी इपॉक्सी (कडक रेझिनचा थर) सुचवेल. उघड्या अंगणात तो उन्हाने पिवळा पडतो आणि खालून ओल येत असेल तर फोड येतात. आमच्या सीलरमध्ये घसरू नये म्हणून बारीक रेती मिसळली आहे. पायऱ्यांपाशी तो हात मारायचा राहिला, तिथे पावसात जपूनच पाय टाकावा लागतो. शेवाळ मात्र रेती असो नसो, धरतंच. गोव्याच्या पावसाला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.

दर ठरवताना सांध्यांचं काम मीटरवर वेगळं लिहून घ्या आणि कुठला सांधा उघडा राहणार ते जागेवर खडूने आखून घ्या. चौरस फुटाच्या दरात ते गिळलं जातं.

वृंदावनाभोवतीची पट्टी डिसेंबरात, स्लॅब वाळला की, कटरने उघडून घेणार आहोत. गवंडी तांबूस सीलंट म्हणतोय, आईला काळं हवंय. अजून ठरलेलं नाही.