'आय सेव्हन'च्या नावाखाली काय गळ्यात पडलं: कॅमेऱ्यांसाठी तयार कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी वाचावं

घरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी 'खास बनवलेला' कॉम्प्युटर विकणाऱ्यांची सगळी कमाई एकाच गोष्टीवर चालते: बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहायचा नाही. माझ्या बिलावर होतं, 'कोअर आय सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 टीबी सर्व्हेलन्स हार्ड डिस्क, एक नग'. आय सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची मालिका, सर्व्हेलन्स डिस्क म्हणजे कॅमेऱ्यांच्या सततच्या रेकॉर्डिंगसाठीची. पण कुठला आय सेव्हन, कुठली डिस्क, काही नाही.

सुटे पार्ट आणून स्वतः जोडायचा की जोडलेला घ्यायचा, हा प्रश्न माझ्यापुढेही होता. जोडणं काही फार अवघड नाही. पण विक्रेत्याने पटवून दिलं की कॅमेऱ्यांचं मशीन वेगळं असतं, ते चोवीस तास चालतं, त्याची जबाबदारी कोणीतरी एकाने घेतलेली बरी. आठ कॅमेरे, महिनाभराचं रेकॉर्डिंग, सगळं सेट करून मिळेल. मशीन आलं ते नव्याकोऱ्या कॅबिनेटमध्ये, बाजूला काच, आत रंगीत दिवे आणि मागच्या स्क्रूवर 'सील फाटल्यास वॉरंटी बाद' असा स्टिकर. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आठही कॅमेरे एकदम स्क्रीनवर घेतले की चित्र अडखळायचं. फोन केला की उत्तर ठरलेलं, "सर, तुमचं नेट स्लो आहे." आता कॅमेऱ्यांच्या वायरी स्विचला, म्हणजे त्या एकत्र जोडणाऱ्या डबीला, स्विचची वायर कॉम्प्युटरला; यात इंटरनेट आलं कुठून? राउटरची वायर काढून ठेवली, चित्र तसंच अडखळत राहिलं. कोणी हे उत्तर दिलं तर तुम्हीही वायर काढून बघा, तिथेच अर्धी पोल खुलते.

उरलेली अर्धी विंडोजमधल्याच टास्क मॅनेजरने खोलली. सील तोडायची गरजच पडत नाही. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर क्लिक केलं, उजव्या कोपऱ्यात नाव: आय सेव्हन 2600. हा प्रोसेसर 2011 सालचा. माझे कॅमेरे एच 265 मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका पद्धतीने चित्र पाठवतात आणि ते तंत्र ठरलंच मुळी 2013 मध्ये. इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ते पूर्णपणे स्वतः उलगडू लागलं ते 2015 च्या सहाव्या जनरेशनपासून. त्यामुळे माझ्या मशीनमध्ये आठही कॅमेऱ्यांचा भार थेट प्रोसेसरवर पडत होता आणि आलेख 100 टक्क्यांना चिकटलेला होता. 'आय सेव्हन' म्हणून विकलं ते खोटं नव्हतं, हीच यातली लबाडी. नव्यातला साधा आय थ्रीसुद्धा या कामात त्याच्या पुढे जातो.

मग हार्ड डिस्क पाहिली. काचेतून जांभळं लेबल दिसत होतं, म्हणजे कॅमेऱ्यांसाठीची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं तर मॉडेल नंबरात 'ईझेडआरझेड' आलं. वेस्टर्न डिजिटल या डिस्क कंपनीच्या, कॅमेऱ्यांसाठीच्या जांभळ्या मालिकेच्या नंबरात सहसा 'पीयूआर' ही अक्षरं असतात. 'ईझेडआरझेड' म्हणजे साधी निळी, घरगुती वापराची. नुसतं लेबल बदललेलं. त्याच खिडकीत उजवीकडे 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते दिसतं, तिथे 31 हजारांच्या वर आकडा. वर्षाचे तास होतात 8760. म्हणजे ही 'नवी' डिस्क आधीच साडेतीन वर्षं कुठेतरी राबून आलेली. हा आकडाही शून्यावर आणता येतो, हे लक्षात ठेवा. 2025 च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क असेच तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, आणि तेही कंपनीच्या डिस्कमध्ये तासांची वेगळी नोंद राहते म्हणून.

महिनाभराच्या रेकॉर्डिंगचा हिशोब मात्र मला सगळ्यात जास्त झोंबला. एक कॅमेरा 4 एमबीपीएसने (सेकंदाला 4 मेगाबिट; हा दर जितका कमी तितकं चित्र खराब) चालला तर दिवसाला सुमारे 43 जीबी होतात. आठांचे साधारण 345. म्हणजे 4 टीबी साडेअकरा दिवसांत भरते. मग महिना कसा पुरला? पठ्ठ्याने सगळे कॅमेरे गुपचूप दीड एमबीपीएसवर आणून ठेवले होते. गेटसमोरून माणूस चालत गेला की चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. कॅमेरे लावायचे कशासाठी, मग?

आणखी एक सापडलं, त्याने मात्र खरंच धडकी भरली. मशीन सुरू होताच दुरून मशीन चालवता येणारं एक रिमोट सॉफ्टवेअर मागे चालू व्हायचं, त्याचा कायमचा पासवर्ड विक्रेत्याकडे. शिवाय कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सर्व्हिस' नावाचा एक ॲडमिन युजर. "सपोर्टसाठी लागतं सर." सपोर्टसाठी माझ्या अंगणात कधीही डोकावायची सोय! दोन्ही काढून टाकले, कॅमेऱ्यांचे आणि राउटरचेही पासवर्ड बदलले. तयार मशीन घेतलं असेल तर हे आधी तपासा, प्रोसेसर नंतर.

भांडून डिस्क बदलून मिळाली, कारण 'सर्व्हेलन्स' हा शब्द बिलावर होता. प्रोसेसरचं काही झालं नाही, कारण 'आय सेव्हन' हाही शब्द बिलावर होता.

जोडावा की घ्यावा, यावर आता माझं मत असं: स्वतः जोडलात तर प्रत्येक पार्टचा स्वतःचा डबा, सिरीयल नंबर आणि वॉरंटी हातात असते, त्यामुळे फसवायला जागा कमी. जोडायचा नसेल तर ऑफिसांतून निघालेला ब्रँडेड छोटा डेस्कटॉप घ्या, इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साठी अधिकृतपणे साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर चालतात. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असलेला नको, त्यात ग्राफिक्सच नसतं. डिस्क वेगळी, सीलबंद घ्या आणि पैसे देण्याआधी सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी पाहा. मी आता असाच डेस्कटॉप वापरतोय, आठही कॅमेरे पूर्ण दर्जात चालतात.

त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. मशीन तेच, फक्त आता 'आठ'च्या जागी 'बारा कॅमेऱ्यांसाठी' असं लिहिलंय.