जाड क्रँकशाफ्ट की डॅम्पर?

सहा सिलिंडरची सुरुवातीची इंजिनं ठरावीक वेगाला आली की थरथरायची. कधी क्रँकशाफ्टच, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, तुटायचा. प्रत्येक स्फोटाबरोबर लांब शाफ्टला पीळ बसतो. झटक्यांची लय शाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, की तो पीळ वाढतच जातो.

हेन्री रॉइसचा उपाय सरळ होता: शाफ्ट पिळलाच जाऊ नये. रोल्स-रॉइसच्या १९०६ च्या ४०/५० या मोटारीत जाडजूड क्रँकशाफ्ट आणि त्याला सात बेअरिंग.

इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टरने डेमलर या मोटार कंपनीचा सल्लागार असताना, १९१० च्या सुमारास, डॅम्पर, म्हणजे कंपन जिरवणारा भाग, शोधून काढला. शाफ्टच्या पुढच्या मोकळ्या टोकाला छोटं फ्लायव्हील (जड चाक), पण घट्ट न बसवता तेलातल्या चकत्यांमधून जोडलेलं. शाफ्ट एका चालीत फिरतोय तोवर ते मुकाट सोबत फिरतं. शाफ्ट थरथरला की जडत्वामुळे ते त्याच्या तालावर नाचत नाही. चकत्यांमध्ये तेल घुसळलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते.

मला लँचेस्टरची युक्ती सरस वाटते. जाड शाफ्टने धोक्याचा वेग फक्त वर सरकतो, वजन मात्र वाढतं. इंजिन आणखी पळवा, दुखणं परत हजर! ४०/५० लाही पुढे घसरतं फ्लायव्हील, म्हणजे एक डॅम्परच, बसवावं लागलंच.