काजू बी कुठली घ्यावी: घानातल्या साम्पाची की गिनी-बिसाऊतल्या ओइयोची?

वेंगुर्ला, सावंतवाडी, चंदगड पट्ट्यातल्या छोट्या कारखान्याला गावठी बी जेमतेम काही महिने पुरते. वर्षभर कामगार टिकवायचे तर आफ्रिकेची बी लागतेच. दलाल भावाचा कागद पुढे करतो, घाना इतके डॉलर, बिसाऊ इतके डॉलर, आणि त्या दोन आकड्यांवर सौदा ठरतो. इथेच चूक होते. बी कुठल्या महिन्यात झाडाखालून उचलली, किती दिवस कुणाच्या घरात पडून होती आणि आपल्या खळ्यावर कधी उतरणार, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. ते कळायला त्या भागातलं घर कशावर चालतं ते बघावं लागतं.

बेनिनची बी अनेकांच्या पसंतीची होती, पण तिथल्या सरकारनं एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवणं बंद केलं. तो पर्याय इथे धरलेला नाही.

साम्पा हे घानाच्या बोनो प्रांतातल्या जामन नॉर्थ भागाचं मुख्य गाव, आयव्हरी कोस्टच्या सीमेला खेटलेलं. इथला शेतकरी मुळात याम कंद पिकवणारा. मातीचे ढीग घालून याम लावायचा, मधे काजूची रोपं टाकायची आणि पहिली तीन-चार वर्षं दोन्हींची काळजी एकदमच घ्यायची, ही इथली रीत. पुढे काजूची सावली दाटते, यामला लांबचं रान शोधावं लागतं आणि खाणं विकत आणायची पाळी येते. म्हणून फेब्रुवारीत बी पडू लागली की ती घरात थांबत नाही. मुलांची फी, यामच्या ढिगांची मजुरी, एजंटाकडून हंगामाआधी घेतलेली उचल, सगळं तिच्यावर फिटायचं असतं.

खरेदीदाराला हे सोयीचं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हारमाटान हा कोरडा वारा येतो, हवा सुकी असते आणि ताडपत्रीवर पसरलेली बी दोन-तीन दिवसांत वाळते. हंगामाच्या सुरुवातीचा साम्पाचा माल त्यामुळे निकोप असतो. पण त्याच घाईपोटी काही जण बी पडायची वाट न बघता बोंड झाडावरूनच तोडतात. ती बी दिसायला भरलेली असते, आत गर सुरकुतलेला निघतो. मूठभर बी बादलीतल्या पाण्यात टाकून बघावी. पक्की बी बुडते आणि अपक्व किंवा पोकळ तरंगते.

दुसरी अडचण सीमेची. २०२५ च्या हंगामासाठी आयव्हरी कोस्टनं किमान भाव किलोला ४२५ सीएफए फ्रँक ठरवला, म्हणजे पाऊण डॉलरच्याही खाली. घानानं १५ सेडी ठरवला, म्हणजे त्या वेळच्या दरानं एक डॉलरच्या आसपास. आयव्हरी कोस्टच्या नियमाप्रमाणे तिथली बी फक्त बंदरातून बाहेर जाऊ शकते, जमिनीवरच्या सीमेतून नाही. भावात एवढी तफावत असली की पोती चोरवाटांनी घानात येतातच. त्या बीत मुळात काही खोट नसते. पण साम्पाच्या गोदामात दोन्हीकडचा, वेगवेगळ्या दिवशी वाळवलेला माल एकत्र होतो. एका पोत्यात ८ टक्के ओलावा आणि शेजारच्यात १२, असं मिश्रण कंटेनरमध्ये महिनाभर राहिलं की ओली पोती कोरड्यांनाही खराब करतात.

ओइयो हा गिनी-बिसाऊतला प्रांत. फारीम, मान्सोआ, बिस्सोरा ही त्यातली गावं. इथेही ‘काजू’ हाच शब्द चालतो, कारण ब्राझीलमधून हे झाड इथे आणि गोव्यात दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच आणलं. मात्र गोवा-कोकणात काजू हे अनेक पिकांतलं एक. गिनी-बिसाऊच्या निर्यातीच्या कमाईचा बहुतेक सगळा भार एकट्या कच्च्या बीवर आहे. बी वेचणं आणि बोंडाचा रस काढून दारू करणं हे मुख्यतः बायकांचं काम. रसासाठी ताजं बोंड लागतं, त्यामुळे झाडाखाली रोज फेरी होते आणि बी ओल्या मातीत पडून राहत नाही. गर टपोरा भरण्यामागे जात आणि हवामान आहेच, पण या रोजच्या वेचणीचाही त्यात हात आहे.

गावात बीचा हिशेब बऱ्याचदा पैशात होत नाही, तांदळात होतो. बरं वर्ष असेल तर किलोला किलो. मंदीत एका किलो तांदळासाठी दोन-तीन किलो बी द्यावी लागते. भारतानं सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात थांबवली आणि मार्च २०२५ मध्ये ती पुन्हा खुली केली. पश्चिम आफ्रिकेतल्या कणी खाणाऱ्या घरांना त्याची थेट झळ बसली. तांदूळ महागला की शेतकरी बी रोखून धरतो आणि गरजेपुरती थोडी थोडी देतो. हंगाम एप्रिल ते जून, जूनमध्ये पाऊस. म्हणजे रोखलेली बी नेमकी पावसात बाहेर पडते. त्यात सरकार हंगाम कधी खुला करतं आणि परवाने कधी निघतात यावर सगळं अडतं. १२ एप्रिल २०१२ चा लष्करी उठाव ऐन हंगामात झाला होता. राजधानी बिसाऊचं बंदर गाळानं उथळ आहे. मोठी जहाजं लागत नाहीत आणि माल वाटेत दुसऱ्या बंदरात उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

आता उताऱ्याचा हिशेब. उतारा म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून निघणारा चांगला गर, पौंडांत. एक किलो नमुना कापायचा, चांगल्या गराचे ग्रॅम घ्यायचे, त्यात डागी आणि अपक्व गराचे निम्मे ग्रॅम मिळवायचे आणि ०.१७६४ नं गुणायचं. चांगला गर २६० ग्रॅम आणि डागी ३० असेल तर २७५, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस पौंड. साम्पाचा माल साधारण ४७ ते ४९ देतो, ओइयोचा ५० ते ५३. चार पौंडांचा फरक म्हणजे टनामागे जवळपास २३ किलो गर. गराला ६५० रुपये धरले तर साडेचौदा हजारांच्या वर. भावाच्या कागदावर बिसाऊ यापेक्षा कमी महाग दिसत असेल, तर तीच स्वस्त आहे.

पण दाण्याचा आकारही मोजा. साम्पाच्या बीला किलोत १७० ते १९० नग, ओइयोच्या बीला २०० ते २२०. आपल्याकडच्या वेंगुर्ला-४ जातीची बी किलोत १३० च्या आसपास बसते, वेंगुर्ला-७ ची शंभर. गावठी बीच्या आकाराला बसवलेली कापणी यंत्राची पाती तशीच ठेवून ओइयोची बी कापली तर तुकडा वाढतो आणि उताऱ्यातली सगळी कमाई त्यात जाते. आधी चाळणीनं आकार वेगळे करा, मग प्रत्येक आकाराला पाती लावून घ्या. किलोमागे कापणं आणि सोलणं जास्त लागतं, ती मजुरीही धरा.

शुल्काचं थोडक्यात. गिनी-बिसाऊ अल्पविकसित देशांच्या सवलतीत येतो, योग्य मूळ-देश प्रमाणपत्र असेल तर शुल्क शून्य. घानाला ही सवलत नाही, तिथे मूळ आयात शुल्क २.५ टक्के. टनाला १५०० डॉलर धरले तर साडेसदतीस डॉलर.

माझ्या मते निर्णय खरा फिरतो तो महिन्यावर. साम्पाची बी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत घानाच्या तेमा बंदरात चढली तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात न्हावा शेव्याला येते, आणि खळ्यावर दोन-तीन उन्हं देऊन पावसाआधी गोदामात जाते. एप्रिलच्या मध्यावर चढली तर ही संधी गेली. ओइयोची बी जून-जुलैत चढते आणि कोकणात ऐन श्रावण-भाद्रपदात पोचते. तेव्हा ऊन कुठलं मिळायला! बी वाळवायचं यंत्र, लाकडी फळ्यांवर रचलेली पोती आणि हवा खेळती असलेलं गोदाम नसेल तर ५२ चा उतारा महिन्याभरात ४८ वर येतो. उलट ही सोय असेल तर तोच माल दिवाळीच्या मागणीला कामी येतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर पोचला तर मात्र दिवाळीच्या मागणीला उशीर होतो, म्हणून करारात जहाजावर चढवायची शेवटची तारीख लिहून घ्याच.

पैशाची गाठ वेगळी. मेमध्ये गावठी बीही रोखीनं घ्यावी लागते, आणि साम्पाचा कंटेनर त्याच दिवसांत पैसे मागतो. बँकेची मर्यादा तोकडी असेल तर एकाच कंटेनरवर थांबावं.

तेव्हा यंत्र नाही, उघडं खळं आहे आणि मेमध्ये एका कंटेनरपुरती रोकड आहे, अशानं साम्पा घ्यावं, तेही फक्त मार्चमध्ये चढणारं. वाळवणीची सोय आणि आकार वेगळे करायची चाळणी ज्याच्याकडे आहे त्यानं ओइयो घ्यावं. दोन्ही थोडं थोडं घेऊन एकाच गोदामात मिसळू नये.

करार कुठलाही असो, ठरलेल्या उताऱ्याखाली प्रत्येक पौंडाला प्रमाणात कपात आणि एका हद्दीखाली माल नाकारायचा हक्क लिहून घ्या. तपासणी चढवताना आणि इथे उतरवताना, दोन्ही वेळा त्रयस्थाकडून. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पोती तागाची मागा. खताच्या प्लास्टिक पोत्यात बीला घाम सुटतो. २० फुटी कंटेनरात साधारण २०० पोती, १६ टन. ओलावा १० वरून ८ टक्क्यांवर आणताना त्यातलं साडेतीनशे किलो वजन हवेत जातं, ते भावात आधीच वजा करा.

कंटेनर उघडल्यावर दाराजवळची पोती बघून समाधान मानू नका, ती बहुधा कोरडीच असतात. रात्री पत्रा गार पडला की आतली वाफ छताला जमून वरच्या थरावर ठिबकते. म्हणून नमुना वरच्या थरातून, मधून आणि अगदी मागच्या भिंतीलगतच्या पोत्यांतून घ्या, एकूण निदान वीस पोती. तो ताडपत्रीवर ओतून नीट मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तसंच, एक किलो उरेपर्यंत. मग सुरी घ्या.