मानेच्या नसदुखीसाठी मणक्यातलं इंजेक्शन: मागून की बाजूने?

मानेतली गादी सरकून नस दबली आणि खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जायला लागली, की गोळ्या-व्यायामानंतर पुढचा सल्ला बहुधा स्टेरॉईडच्या इंजेक्शनचा असतो. हुपरीत दिवसभर मान खाली घालून चांदीकाम करणाऱ्याला किंवा इचलकरंजीत मागावर उभं राहणाऱ्याला काम थांबवणं परवडत नाही, म्हणून तो लगेच हो म्हणतो. हो म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारायलाच हव्यात: सुई कोणत्या वाटेने जाणार, आणि सिरिंजमध्ये कोणतं स्टेरॉईड असणार. धोका मुख्यतः यावरच ठरतो.

मागची वाट म्हणजे इंटरलॅमिनर. दोन मणक्यांच्या मधून, पाठीमागून सुई मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीपर्यंत, म्हणजे एपिड्युरल जागेपर्यंत नेतात. औषध पसरून नसांपर्यंत पोचतं. इथली मोठी भीती म्हणजे सुई थोडी जास्त पुढे जाऊन आवरणाला किंवा थेट मज्जारज्जूला लागणं. मानेच्या तळाशी, सी-७ (मानेचा सातवा, शेवटचा मणका) आणि टी-१ (पाठीचा पहिला) या मणक्यांमध्ये ही पोकळी त्यातल्या त्यात रुंद असते, वर जावं तशी अरुंद होते. म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेत अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून दिलेल्या शिफारशींनुसार इंजेक्शन शक्यतो सी-७/टी-१ मध्ये द्यावं, सी-६/सी-७ च्या वर शक्यतो देऊ नये. दुखणं सी-५ च्या नसेचं असलं तरी सुई तळाशीच. औषध वर चढतं. त्या पातळीवर सुईपुरती जागा आहे का, हे आधी एमआरआयवर बघावं लागतं.

पोकळी गाठली की डॉक्टरांच्या हाताला जाणवणारा दाब अचानक सुटतो, पण मानेत तेवढ्यावर विसंबून चालत नाही. इथला पिवळा स्नायुबंध मध्यरेषेवर अनेकदा जुळलेला नसतो, त्यामुळे ती खूण चुकवते. सी-आर्मवर (चालतं चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र) समोरून आणि बाजूने किंवा तिरकं चित्र, आणि औषधाआधी डायचा, म्हणजे एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाचा थेंब, हे दोन्ही हवेच. नुसत्या हाताच्या अंदाजाने मानेत एपिड्युरल देणारा कितीही अनुभवी असला तरी तिथे घेऊ नये.

बाजूची वाट म्हणजे ट्रान्सफोरामिनल: नस ज्या छिद्रातून बाहेर पडते त्याच्या तोंडाशी सुई. औषध नेमक्या नसेवर पडतं, हा तिचा खरा फायदा. पण त्या छिद्रालगतच मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी आहे, आणि मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही तिथूनच जातात. मेथिलप्रेडनिसोलोन आणि ट्रायमसिनोलोनमध्ये स्टेरॉईडचे कण असतात. ते धमनीत गेले तर रक्तप्रवाह अडतो. पक्षाघात, कायमचा लुळेपणा, मृत्यूही झालेले आहेत. सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही, एवढ्याने धमनी चुकली असं सिद्ध होत नाही. डाय सोडताना सी-आर्मवर चालतं चित्र बघावंच लागतं.

इथे औषधाचा प्रश्न निर्णायक ठरतो. कण असलेलं औषध दुधासारखं पांढरट दिसतं, कण नसलेलं स्टेरॉईड डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ. बाजूच्या वाटेने मानेत फक्त स्वच्छ औषध चालेल, पांढरं नाही. डेक्सामेथासोन लवकर ओसरतं असा आक्षेप घेतात, पण मानेच्या नसदुखीत ते ठळकपणे कमी पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने २३ एप्रिल २०१४ ला एपिड्युरल स्टेरॉईडमुळे दृष्टी जाणं, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यू यांचा इशारा दिला. असे अपघात विरळा असतात, पण घडले तर भरून येत नाहीत.

एरवी सगळं सारखं असेल, तर सी-७/टी-१ मधून, डाय वापरून, मागच्या वाटेने दिलेलं इंजेक्शन पहिलं निवडावं. बाजूची वाट एकाच नसेचं दुखणं स्पष्ट असेल आणि वरच्या अटी पाळल्या जात असतील तेव्हाच.

आणि इंजेक्शन न घेणं? बहुतेकांची कळ काही आठवडे ते काही महिन्यांत आपोआप उतरते. इंजेक्शन गादी जागेवर बसवत नाही. त्या काळात झोप आणि काम निभावण्यापुरता आराम देतं. दोन-तीन आठवड्यांचंच दुखणं असेल आणि हाताची ताकद शाबूत असेल, तर थांबणं चांगलं. मात्र शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा सुटतो, किंवा हातातली ताकद दिवसेंदिवस घटतेय, तर इंजेक्शनची वाट न बघता मणक्याच्या सर्जनला दाखवायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आधी द्या. वॉरफरिन साधारण ५ दिवस, क्लोपिडोग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट असलेल्याने परस्पर गोळी बंद करणं इंजेक्शनपेक्षा घातक आहे. मधुमेहींची साखर नंतर काही दिवस चढते, रोज तपासा. अंगात ताप किंवा कुठे पू असेल तर तारीख पुढे ढकला. गाढ भूल नको. सुई नसेला लागली तर 'हातात झटका बसला' हे सांगायला रुग्ण जागा हवा.

त्या दिवशी दुचाकी चालवायची नाही. इंजेक्शनसाठी चंदगड, आजरा, गगनबावडा अशा लांबच्या तालुक्यांतून कोल्हापुरात येणाऱ्यांनी ती रात्र तिथेच काढावी. हातापायात वाढती कमजोरी, मानेत असह्य वाढती कळ, लघवी अडणं, ताप किंवा मान ताठणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, तातडीचा एमआरआय होतो अशाच ठिकाणी जा. मणक्यात रक्त साकळलं असेल तर ते काढायला हाती मोजकेच तास असतात.